आहेराची वही कुणाच्या हाती?



नांदेडच्या माणसाला लातुरात बोलायला बोलावलंत, मन मोठं आहे तुमचं. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा विषय आज मी काढणार नाही. काढला तर आत्ताच झालेला सत्कार तुम्ही परत मागाल.

त्या सत्कारापासूनच सुरुवात करतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. संयोजकांनी रागावू नये, पण ही शाल निवडायला कितीसा वेळ लागला असेल? दुकानात जाऊन कुणी तरी म्हणालं असेल, ‘सत्काराच्या शाली द्या अर्धा डझन.’ पाहुणा कोण, उन्हाळा की हिवाळा, त्याच्या कपाटात आधीच किती शाली आहेत, कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगू? मला काही कमी वाटलं नाही. शाल खांद्यावर पडली, तुम्ही टाळ्या वाजवल्या, मान मिळाला. कुठलंही यंत्र नव्हतं, तरी निवड आपोआप झाली होती.

आजचा विषय तुम्हाला ठाऊक आहे. भेटवस्तू निवडणं आणि पाठवणं यंत्रावर सोपवावं का? फोन आता सांगतो, उद्या भाचीचा वाढदिवस आहे. तोच चार वस्तू सुचवतो, तोच रंगीत कागदात बांधून पाठवतो, खाली दोन ओळींच्या शुभेच्छाही लिहून देतो. ‘बहिणीची वास्तुशांती आहे, दोन हजारांत काय देऊ?’ असं मराठीत विचारलं तरी उत्तर येतं. यावर आमच्या वयाची माणसं एकच वाक्य बोलतात: माणुसकी राहिली नाही. ते वाक्य मी बोलणार नाही. उलट असं म्हणेन की, निवड करणं आपण मराठवाड्यात फार पूर्वीच सोडून दिलेलं आहे. यंत्र आलं ते मागाहून.

बस्ता आठवा. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं जीप करून गावाहून निघतात. इथे गंजगोलाईत उतरतात, सोळा रस्ते मिळतात तिथे. मधल्या जगदंबेला हात जोडतात आणि कापडाच्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसतात. चहा येतो. दुकानदार पहिलं काय विचारतो? ‘आधी नवरीचं बघायचं की मानाचं?’ नवरीच्या शालूवर दोन तास जातात, जायलाच पाहिजेत. मग दुकानदार हाताखालच्या पोराला सांगतो, ‘देण्या-घेण्याच्या काढ रे.’ देण्या-घेण्याच्या साड्या! त्यांचा गठ्ठाच वेगळा असतो. त्या साड्या कुणी स्वतःसाठी विकत घेत नाही. त्या फक्त देण्यासाठी आणि घेण्यासाठी विणलेल्या असतात. विहिणीला अमुक दराची, मावळणीला तिच्याहून थोडी कमी, करवलीला वेगळी. मामाला पूर्ण पोशाख. भाऊबंदांना टॉवेल-टोपी. उरलेल्या बायकांना ब्लाउजपीस. विहिणीला कुठला रंग आवडतो, हे कुणी विचारतं का हो? तिथे प्रश्न फक्त दराचा असतो, आणि दर चुकला तर मांडवात रुसवा ठरलेला.

याला निवड म्हणायचं? हा तक्ता झाला. एका बाजूनं नातं घातलं की दुसऱ्या बाजूनं वस्तू बाहेर येते.

आणि हा तक्ता आपला एकट्याचा नाही. तुमचा-आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे दरबारात नजर द्यायची पद्धत होती. शेवटच्या निजामाला, मीर उस्मान अली खानांना, ईदेला सरदार-जहागीरदार नजर करायचे. काय द्यायचं याचा विचार करायची गरजच नव्हती: सोन्याची अशर्फी आणि वर रुपये, प्रथा ठरलेली. द्यायचं की नाही, हेही ठरलेलंच होतं. अमेरिकेतही तेच. शिकागोतल्या मार्शल फील्ड्स या मोठ्या दुकानानं १९२४ मध्ये नवऱ्या मुलीलाच विचारून यादी ठेवायला सुरुवात केली. पाहुण्यानं दुकानात यायचं, यादीतली एखादी वस्तू आपल्या नावावर लावून घ्यायची. १९९३ मध्ये टार्गेट या दुकानानं तीच यादी यंत्रावर टाकली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच तिकडच्या लोकांनी ‘काय द्यावं’ ही डोकेदुखी दुकानाच्या गळ्यात बांधली होती.

मग आजचं यंत्र नवीन काय करतं? ॲमेझॉननं १९९८ च्या सुमारास एक युक्ती वापरायला सुरुवात केली. ही वस्तू घेणाऱ्यांनी आणखी काय घेतलं ते बघायचं आणि तेच पुढच्याला दाखवायचं. तुम्ही कुकर बघितला की खाली तवा दिसतो. गंजगोलाईतल्या दुकानदाराला हे येत नाही असं नाही, पण त्याचा पहिला प्रश्न वेगळा असतो. तो विचारतो, ‘कुणाला द्यायचंय?’ यंत्र विचारायचं, ही वस्तू घेणाऱ्या इतरांनी काय घेतलं? आता यंत्रही ‘कुणाला’ विचारायला शिकलंय. तेव्हा त्याला तेवढ्यावरून हिणवण्यात अर्थ नाही.

माझे एक मित्र म्हणतात, यंत्र धोंड्याच्या महिन्यात फसेल. मुद्दा गमतीचा आहे. दर बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी अधिक मास येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहेतीस अनारसे, ताम्हणात दिवा, ऐपत असेल तर चांदीचा. गेल्या वर्षीची खरेदी बघून यंदाची सुचवणाऱ्या यंत्राला हा महिना दिसायचाच नाही, कारण गेल्या वर्षी तो नव्हता! ऐकायला छान वाटतं. पण पंचांग म्हणजे गणितच की. यंत्राला ते शिकवणं सगळ्यांत सोपं. दुकानदारांनी मनावर घेतलं तर अधिक महिना लागायच्या आधीच जावयाच्या फोनवर चांदीच्या दिव्याची जाहिरात येईल, आणि तीही सासूबाईंच्या आधी त्याला दिसेल, हा धोका वेगळाच.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. हा तक्ता घरात कुणाच्या डोक्यात असायचा? पुरुषांच्या नाही. कुणाच्या बारशाला काय आलं, कुणाची साडी अजून फेडायची राहिलीय, कुणाला चोळी दिली तर चालते आणि कुणाला चालत नाही, हे सगळं घरातल्या बाईनं लक्षात ठेवायचं. चुकलं तर बोलणी तिनं खायची. पुरुषानं फक्त फोटोत उभं राहायचं. हे ओझं यंत्रानं उचललं म्हणून आम्ही पुरुषांनी माणुसकीच्या नावानं गळा काढावा, हे काही बरं दिसत नाही.

आता पाठवण्याकडे येतो. इथे मी भराभर जाणार आहे, कारण इथे भांडण फारसं नाही.

मनीऑर्डर आपल्या देशात १८८० मध्ये आली. पैसे यायचे, आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी लिहायला जागा असायची. पुष्कळ घरांत पैसे त्याच दिवशी संपायचे आणि तो तुकडा देवघरातल्या फोटोमागे राहायचा. तारेचं तर आणखी मजेदार. शुभेच्छांची वाक्यं तार खात्यानं आधीच छापून ठेवलेली होती, प्रत्येकाला नंबर. तुम्ही नंबर सांगायचा, तारेतून नंबर जायचा, आणि पलीकडच्या पोस्टात त्याचं वाक्य व्हायचं. नवरा-नवरीला सगळ्यांच्या शुभेच्छा शब्दशः सारख्या! तरी मांडवात त्या तारा मोठ्यानं वाचून दाखवायचे. यंत्रानं लिहिलेल्या शुभेच्छा खोट्या म्हणणाऱ्यांनी आपल्या लग्नातल्या तारा आठवाव्यात. जुलै २०१३ मध्ये ती सेवा बंद झाली तेव्हा हळहळलो आपणच.

१९७२ च्या १५ ऑगस्टला पिनकोड आले. नांदेड ४३१६०१, लातूर ४१३५१२. आपण एका विभागासाठी भांडतो, पण टपाल खात्यानं पहिल्या तीन आकड्यांत तुम्हाला सोलापूरच्या पंगतीला बसवलंय आणि आम्हाला औरंगाबादच्या. आणि पिनकोड असला तरी वस्तू दारात येते का? तालुक्याच्या गावापर्यंत येते. मग फोन येतो, ‘गाडी आत येत नाही, चौकात या, ओटीपी सांगा.’ म्हणून आपल्याकडे आजही खरी पाठवापाठवी ट्रॅव्हल्सनं होते. रात्री पुण्याला निघणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ पिशवी द्यायची, गाडीचा नंबर पोराला कळवायचा, पहाटे त्यानं थांब्यावर उभं राहायचं. लातूर पॅटर्नच्या अभ्यासासाठी खेड्यांतून आलेली पोरं खोल्या करून राहतात, त्यांचा डबा एसटीच्या कंडक्टरच्या भरवशावर येतो. याला कुठलं ॲप आहे? नाही. चुकतं का? फार क्वचित.

मग २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय आलं. मुखेड-कंधारकडची माणसं ऊसतोडीला, बांधकामाला लांब जातात. भाच्याचं लग्न इकडे, कोयता तिकडे. पूर्वी त्या माणसाचं नाव आहेरात यायचंच नाही आणि पुढे वर्षभर टोमणे. आता तो फडातून पाचशे एक रुपये टाकतो आणि माईकवर त्याचं नाव पुकारलं जातं. मी याला माणुसकी कमी होणं म्हणत नाही. तो माणूस त्या दिवशी मांडवात असतो.

तरी जाता जाता एक अपवाद सांगतो, आणि तो लातुरातच सांगायला हवा. वेळ अमावस्या, आपली येळवस. त्या दिवशी हे शहर ओस पडतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, सगळे शेतात. कडब्याची कोप केलेली, भज्जी, उंडे, आंबील. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आधीच सांगून ठेवतो, ‘आमच्याकडं यायचं बरं का.’ ही भेट पाठवता येत नाही. घेणाऱ्यालाच उठून जावं लागतं. आणि ही भेट आणखी एका बाबतीत वेगळी आहे: आंबिलीची नोंद कुणी वहीत करत नाही.

वही. इथे मला थोडं थांबायचंय, कारण निवड आणि पाठवणूक या दोन्ही गोष्टी यंत्राला देऊन टाकायला मी तयार आहे. तिसऱ्या गोष्टीचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे.

मांडवाच्या तोंडाशी टेबल, टेबलाशी घरातला हिशेबी माणूस, त्याच्यासमोर लांबट वही. पहिल्या पानावर वर श्री गणेशाय नमः, खाली हळद-कुंकू. मग ओळी: नाव, गाव, रक्कम किंवा वस्तू. शेजारी माईक. ‘अहमदपूरकर पाटलांकडून नवरदेवाला पोशाख आणि एक हजार एक.’ लग्न झालं, भांडी परत गेली, मांडव उतरला, पण वही जपून ठेवली. का? कारण पाटलांच्या घरी कार्य निघालं की ती उघडायची. त्यांनी हजार एक दिले, आता आपण किती? हजार एक देऊन चालत नाही. थोडं वर द्यावं लागतं. मग ते पुढच्या वेळी आणखी थोडं वर देतात.

फ्रान्समध्ये मार्सेल मॉस नावाचा एक विद्वान होऊन गेला. १९२५ मध्ये त्यानं भेटवस्तूंवर एक दीर्घ निबंध लिहिला. जगभरच्या टोळ्यांच्या चालीरीती त्यानं धुंडाळल्या आणि सांगितलं की द्यावंच लागतं, घ्यावंच लागतं आणि फेडावंच लागतं. फुकट भेट नावाची गोष्ट नसते. लातूरच्या कुठल्याही आजीनं त्याला हे एका दुपारी सांगितलं असतं. पण आजीनं आणखी एक सांगितलं असतं. पाकिटावर तो एक रुपया चिकटवलेला असतो ना, पाचशेवरचा एक? त्यानं हिशेब कधी तुटत नाही. आहेराच्या वहीचा हेतूच तो आहे. बँकेचं पासबुक हिशेब मिटवायला असतं, आहेराची वही तो मिटू नये म्हणून. दोन घरांमध्ये सतत काही तरी येणं-देणं शिल्लक राहिलं पाहिजे, म्हणजे येणं-जाणं राहतं.

यंत्राला हे कळत नाही असं मी म्हणणार नाही. यंत्राला याची गरज नाही, एवढंच. त्याच्या दृष्टीनं वस्तू पोचली की व्यवहार संपला. हिरवी खूण आली, मामला मिटला. अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञही तसंच बघतात. जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारून हिशेब मांडला की, नाताळच्या भेटींच्या किमतीतला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वायाच जातो, कारण घेणाऱ्यानं स्वतःच्या पैशांनी ती वस्तू एवढ्याला घेतलीच नसती. त्यांनी आपली टॉवेल-टोपी बघितली असती तर नुकसान शंभर टक्के लिहिलं असतं! टोपी कुणी घालत नाही. पण वहीत ओळ पडते. टोपी त्या ओळीसाठी असते.

आणि ॲमेझॉनचं २०१० चं एक पेटंट ऐका, जेफ बेझोस यांच्या नावावरचं. नावडती भेट हातात पडायच्या आधीच बदलून घ्यायची सोय. त्यात उदाहरण दिलंय मिल्ड्रेड मावशीचं: या मावशीकडून जे काही येईल ते सगळं आपोआप बदलून टाका. हसू नका, प्रत्येकाच्या घरी एक मिल्ड्रेड मावशी आहे. भेट निघाली, तुमच्या दारी यायच्या आधीच तिचं दुसरंच काही झालं. मावशीला पत्ता नाही. पण कंपनीला आहे! मावशी काय पाठवते, भाचा काय टाकून देतो, दोघांचं एकमेकांविषयी खरं मत काय, हे सगळं फक्त मधल्या दुकानदाराला ठाऊक.

आता लक्षात येतंय मी कुठे चाललोय? वही होती ती घरात होती. वाईट असेल, चांगली असेल, ट्रंकेत होती. आता कुणी कुणाला काय दिलं, किती दिलं, कुणाला द्यायचं थांबवलं, ही वही कंपनीच्या यंत्रात आहे. आपल्याला त्यातल्या आपल्याच ओळी दिसतात. जानेवारी २०२१ मध्ये मदुराईच्या एका लग्नपत्रिकेवर क्यूआर कोड छापला होता, साथीचे दिवस होते. आता आपल्याकडच्या टेबलांवरही तो दिसतो. टेबलाशी बसलेला हिशेबी माणूस उठला. माझ्या मते आपण काही गमावलं असेल तर ते इथे, पण त्याविषयी कुणी हळहळत नाही. आम्ही सगळे शुभेच्छांच्या ओळी कुणी लिहिल्या यावर भांडतोय.

पण थांबा. मी वहीचं फार गोड चित्र रंगवलं. न मिटणारा हिशेब हा ज्याच्याकडे आहे त्याच्यासाठी गोड. सोयाबीन मातीमोल भावानं गेलं त्या वर्षी याच वहीनं कितींना सावकाराच्या दारात नेलं? ‘त्यांनी केलं होतं, आपल्यालाही करावं लागेल.’ पोरीच्या लग्नात मानपानापायी जमिनी गेल्या, त्या या जिल्ह्यांतच गेल्या. ‘कृपया आहेर आणू नये’ असं पत्रिकेवर छापणारा माणूस कंजूष नसतो, त्याला या साखळीतून सुटायचं असतं. हिरवी खूण आली की मामला मिटला, ही काही घरांसाठी सुटका आहे. तेव्हा वही घरी परत आणा, एवढंच म्हणून मी उतरलो तर तो खोटेपणा होईल. कुणाच्या घरी? कुणाच्या हातात? जुनी वही सासऱ्याच्या नाही तर चुलत्याच्या ट्रंकेत असायची. जिच्या लग्नाची ती वही, तिनं ती पुष्कळदा उघडूनही पाहिलेली नसायची.

इथे वकील मंडळी बसली आहेत, त्यांना माहीत असेल. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात लग्नातल्या भेटींना जागा ठेवलीय: न मागता दिलेल्या, रीतीप्रमाणे आणि ऐपतीला धरून. पण त्यांची यादी करायला हवी. ती कशी करायची याचे केंद्र सरकारचे नियम आहेत, २ ऑक्टोबर १९८५ पासून लागू. नवरीच्या भेटींची यादी नवरीनं ठेवायची, नवऱ्याच्या भेटींची नवऱ्यानं. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातेवाईक असेल तर नातं. खाली दोघांच्या सह्या. म्हणजे सरकारनं आहेराची वही कायद्यात लिहून ठेवलीय, आणि ती नवरीच्या हातात दिलीय! चाळीस वर्षं होऊन गेली. या सभागृहात लग्न झालेली जी मंडळी आहेत त्यांनी सांगावं, अशी यादी कुणी केली? हात वर करा. बघा.

का केली नाही? लग्नाच्या गडबडीत नवरी वही घेऊन बसणार कुठे, असं म्हणतील. मग हे काम द्या ना यंत्राला. क्यूआरवर आलेली प्रत्येक रक्कम नावासकट नोंदली जातेच. साडी, भांडं, दागिना यांचा फोटो काढला की वर्णन आणि अंदाजे किंमत यंत्र लिहून देतं, नातं तेवढं माणसानं भरायचं. संध्याकाळी पाठवणीच्या आधी दोन प्रती छापायच्या, दोघांनी सह्या करायच्या, तिची यादी तिच्या पर्समध्ये. उद्या घर मोडलंच, आणि घरं मोडतात, तर ‘माझं काय काय होतं’ हे तिला आठवणीतून सांगत बसावं लागणार नाही.

भेट निवडणाऱ्या यंत्राच्या जाहिराती तुम्ही रोज बघता. ही यादी करून देणाऱ्या यंत्राची जाहिरात मी अजून पाहिलेली नाही. ते करायला मोठी कंपनी लागत नाही. लातुरातली, नांदेडातली इंजिनिअरिंगची पोरं दोन महिन्यांत करतील. तुळशीच्या लग्नानंतर आपले मुहूर्त सुरू होतात. वेळ आहे. प्रश्न असतील तर विचारा, आणि वकिलांनी आधी विचारावेत.